हॅकिंग टूलचं मॅन्युअल आता एआय वाचतोय. मग त्यात लिहायचं काय आणि कसं?

ऑगस्ट २०२५ मध्ये अँथ्रोपिक या एआय कंपनीने एक अहवाल प्रसिद्ध केला. एका सायबर खंडणीखोराने कंपनीचाच ‘क्लॉड कोड’ हा एआय एजंट वापरून किमान १७ संस्थांना लक्ष्य केलं होतं. त्यात आरोग्यसेवा देणाऱ्या संस्था होत्या, आपत्कालीन सेवा होत्या, सरकारी आणि धार्मिक संस्थाही होत्या. चोरलेला डेटा जाहीर करण्याची धमकी देऊन त्याने काही ठिकाणी ५ लाख डॉलरहून जास्त रक्कम मागितली.

या अहवालातला एक तपशील मात्र बातम्यांच्या गर्दीत हरवला. या माणसाने एजंटसाठी एक साधी टेक्स्ट फाईल तयार केली होती. एजंट काम सुरू करताना ही फाईल वाचतो आणि त्यातल्या सूचनांप्रमाणे चालतो. त्या फाईलमध्ये हल्ल्याच्या पद्धती होत्या. आणि सोबत एक बनाव होता: हे सगळं अधिकृत करारानुसार चाललेलं नेटवर्क सुरक्षेचं टेस्टिंग आहे.

म्हणजे ती एक प्रकारची माहितीपुस्तिकाच होती. फक्त ती वाचणारा माणूस नव्हता.

इथूनच एक प्रश्न सुरू होतो. पासवर्ड आणि लॉगिनची मजबुती तपासणारी टूल्स गेली पंचवीस वर्षं बाजारात आहेत. त्यांची मॅन्युअल्स आजवर माणसांसाठी लिहिली गेली. आता तीच मॅन्युअल्स एआय एजंटसाठी नव्याने लिहिली जात आहेत. यात नेमकं काय बदलतं? धोका कुठे आहे? आणि नीट लिहिलं तर फायदा काय? सोप्या शब्दांत समजून घेऊ.

आधी हे सांगा, ऑथेंटिकेशन टेस्टिंग म्हणजे काय?

सोसायटीच्या गेटवर वॉचमन विचारतो, “कोण तुम्ही? कुणाकडे जायचंय?” नेटवर्कवर हेच काम ऑथेंटिकेशन करतं. ईमेल, ऑफिसचा सर्व्हर, घरचा राउटर, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, सगळीकडे आत जायच्या आधी ओळख पटवावी लागते. बहुतेक ठिकाणी ती युजरनेम आणि पासवर्डने पटते.

आता हा वॉचमन खरंच जागा आहे की कुणीही काहीही सांगून आत शिरू शकतं, हे तपासायचं कसं? तर स्वतःच आत शिरायचा प्रयत्न करून. मालकाच्या परवानगीने. यालाच ऑथेंटिकेशन सिक्युरिटी टेस्टिंग म्हणतात.

या कामाचं एक प्रसिद्ध टूल म्हणजे ‘हायड्रा’. ‘द हॅकर्स चॉईस’ या जुन्या हॅकर गटातल्या ‘व्हॅन हाउझर’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या तज्ज्ञाने ते लिहिलं. त्याचा कोड सर्वांसाठी खुला आहे आणि सुरक्षा तज्ज्ञांमध्ये लोकप्रिय असलेल्या ‘काली लिनक्स’मध्ये ते मिळतं. ग्रीक पुराणातल्या अनेक मुंडक्यांच्या सापाचं नाव त्याला शोभतं, कारण ते एकाच वेळी अनेक जोडण्या उघडून पासवर्ड वापरून बघतं. वेगळं काही सांगितलं नाही तर एका लक्ष्यावर अशा १६ जोडण्या. रिमोट लॉगिन, फाईल शेअरिंग, डेटाबेस, वेबसाईटचा लॉगिन फॉर्म असे पन्नासच्या आसपास प्रकार त्याला हाताळता येतात.

असलं टूल लागतंच कशाला?

कारण चोर हेच करतात आणि मालकाला ते आधी कळायला हवं.

२०१६ सालचं ‘मिराई’ प्रकरण बघा. या मालवेअरकडे कारखान्यातून येणाऱ्या युजरनेम-पासवर्डच्या जेमतेम साठेक जोड्यांची यादी होती. ‘ॲडमिन-ॲडमिन’ छापाची. तेवढ्यावर त्याने लाखो कॅमेरे, राउटर आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ ला याच उपकरणांच्या फौजेने ‘डिन’ या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिटसारख्या सेवा अमेरिकेत अनेकांना तासन्‌तास मिळेनात.

तुम्ही म्हणाल, ते घरगुती कॅमेरे होते, मोठ्या कंपन्यांचं असं होत नसेल. पण होतं. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस ‘मिडनाईट ब्लिझार्ड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, रशियाशी जोडल्या गेलेल्या गटाने खुद्द मायक्रोसॉफ्टमध्ये प्रवेश मिळवला. रस्ता होता एक जुनं टेस्टिंगसाठीचं खातं. त्याला दुसऱ्या टप्प्याची पडताळणी, म्हणजे ओटीपीसारखी सोय लावलेली नव्हती. हल्लेखोरांनी थोडेच पासवर्ड, हळूहळू, अनेक खात्यांवर वापरून बघितले. पुढे कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांचे ईमेल वाचले गेले. हे मायक्रोसॉफ्टच्या लक्षात आलं १२ जानेवारी २०२४ ला.

त्या विसरलेल्या खात्यावर कुणी वेळेत परवानगीने टेस्ट केली असती, तर ते चोराच्या आधी मालकाला सापडलं असतं. टेस्टिंग टूलची गरज ही अशी आहे.

मग यात एआय एजंट कुठून आला?

चॅटबॉट उत्तर देतो. एजंट काम करतो. त्याला सांगितलं की तो स्वतः टप्पे ठरवतो, कमांड चालवतो, आलेला निकाल वाचतो आणि पुढचं पाऊल टाकतो.

पण एजंटला एखादं टूल वापरायचं असेल तर दोन गोष्टी लागतात. एक, त्या टूलपर्यंत पोहोचण्याची सोय. दोन, ते कधी आणि कसं वापरायचं याची माहिती.

पहिल्या गोष्टीसाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिकने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’, म्हणजेच एमसीपी, खुला केला. हा एक सामायिक प्लग आहे असं समजा. कोणतंही टूल एकदा या प्लगमध्ये बसवलं की वेगवेगळे एआय ते वापरू शकतात. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या ‘काली लिनक्स’च्या आवृत्तीत असा एक एमसीपी सर्व्हर थेट सामील झाला.

दुसऱ्या गोष्टीसाठी ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘एजंट स्किल्स’ ही पद्धत आली. एक फोल्डर, त्यात साध्या भाषेतली एक सूचनांची फाईल. सुरुवातीला एजंट त्या स्किलचं फक्त नाव आणि दोन ओळींचं वर्णन वाचतो. काम त्या प्रकारचं निघालं तरच पूर्ण फाईल उघडतो.

आता लक्षात घ्या, इथे वर्णनाच्या त्या दोन ओळींना किती वजन आलं. “पासवर्ड शोधण्यासाठी हे वापरा” असं लिहिलं तर कुणी “माझा वायफाय पासवर्ड विसरलोय, शोधून दे” म्हटल्यावरही एजंट हे अवजड टूल बाहेर काढू शकतो. त्याऐवजी “लेखी परवानगी असलेल्या यंत्रणेच्या लॉगिनची मजबुती तपासताना वापरा; विसरलेला पासवर्ड मिळवण्यासाठी वापरू नका” असं लिहिलं तर एजंटचं वागणं बदलतं.

माणसासाठी वर्णन म्हणजे ओळख असते. एजंटसाठी ते जवळजवळ आदेश असतो.

माणसाचं मॅन्युअल आणि एजंटचं मॅन्युअल यात फरक काय?

माणूस मॅन्युअल वाचताना न लिहिलेलंही समजून घेतो. नमुना म्हणून दिलेला पत्ता आपल्याला बदलायचा आहे, हे त्याला कळतं. रात्री दोन वाजता हॉस्पिटलच्या सर्व्हरवर टेस्ट चालवायची नाही, हेही कळतं. शंका आली तर तो शेजारच्याला विचारतो. एजंट मात्र अनेकदा फाईलमध्ये जे आहे तेच घेतो आणि वेगाने पुढे जातो. त्यामुळे चार जागा विशेष नाजूक होतात.

१) नमुन्याचा पत्ता

मॅन्युअलमध्ये उदाहरण द्यावंच लागतं. समजा लेखकाने सहज म्हणून एखाद्या खऱ्या वेबसाईटचा पत्ता टाकला. घाईतल्या एजंटने उदाहरण तसंच उचललं, तर टेस्ट एखाद्या तिऱ्हाइताच्या सर्व्हरवर सुरू होईल.

याचं उत्तर एआयच्या कितीतरी आधीपासून तयार आहे. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्यांनी १९९९ मध्येच ‘एक्झाम्पल डॉट कॉम’ हे नाव फक्त उदाहरणांसाठी राखून ठेवलं. २०१० पर्यंत १९२.०.२, १९८.५१.१०० आणि २०३.०.११३ ने सुरू होणारे आयपी पत्तेही केवळ कागदपत्रांत लिहिण्यासाठी राखीव झाले. हे आयपी पत्ते इंटरनेटवर कुणालाच दिले जात नाहीत. एजंटने चुकून तिथे टेस्ट चालवली तरी दार ठोठावण्याइतकंही काही सापडणार नाही. सिनेमात दाखवलेला फोन नंबर जसा कुणाच्या घरी वाजू नये, तसंच हे.

२) वेग आणि कुलूप

हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, आणि यात चोर कुणीच नाही.

अनेक कार्यालयांमध्ये ठरावीक वेळा चुकीचा पासवर्ड टाकला की खातं लॉक होतं. समजा एका हॉस्पिटलमध्ये ४०० कर्मचाऱ्यांची खाती आहेत आणि पाच चुकांनंतर लॉक लागतं. टेस्ट करणाऱ्या एजंटने प्रत्येक खात्यावर पाच नेहमीचे पासवर्ड वापरून बघितले. एकूण प्रयत्न झाले फक्त २,०००. अशा टूलसाठी हे किरकोळ काम आहे. पण ज्या खात्यांवर पाचही पासवर्ड चुकले, ती सगळी लॉक. रात्रपाळीच्या नर्सला रुग्णाची नोंद उघडता येत नाही, लॅबचा रिपोर्ट दिसत नाही, मेडिकल स्टोअरची यादी निघत नाही.

परवानगी होती. हेतू चांगला होता. तरी नुकसान झालं.

अनुभवी टेस्टर हे टाळण्यासाठी आधी लॉकचा नियम विचारून घेतो आणि त्याच्या बराच खाली थांबतो. एजंटला हे फाईलमध्येच सांगावं लागतं: लॉकचा आकडा कळल्याशिवाय सुरुवात करू नको, एका खात्यावर इतकेच प्रयत्न, दोन फेऱ्यांत इतकं अंतर, आणि एकही खातं लॉक झालेलं दिसलं की तिथेच थांब. हायड्रा स्वतःसुद्धा एसएसएच या रिमोट लॉगिन सेवेवर १६ ऐवजी ४ जोडण्यांची शिफारस करतं. असे इशारे माणसाच्या स्क्रीनवर उमटतात आणि तो हात आखडता घेतो. एजंटच्या बाबतीत इशारा दिसल्यावर करायचं काय, तेही लिहून ठेवावं लागतं.

३) ‘सापडलं’ म्हणजे नेमकं काय?

नोव्हेंबर २०२५ मध्ये अँथ्रोपिकने दुसरं एक प्रकरण जाहीर केलं. कंपनीच्या म्हणण्यानुसार, चीन सरकारचं पाठबळ असलेल्या एका गटाने क्लॉड कोड वापरून जगभरातल्या सुमारे ३० संस्थांना लक्ष्य केलं. मोहिमेतलं ८० ते ९० टक्के काम एजंटने केलं. माणसाने मोजक्याच टप्प्यांवर निर्णय दिले. थोड्या ठिकाणी त्यांना यशही आलं.

याच अहवालात एक गंमतही आहे. एजंट अधूनमधून थापा मारत होता. लॉगिनची माहिती मिळाली म्हणून सांगायचा, आणि ती चालायचीच नाही. हल्लेखोरांना प्रत्येक दावा तपासून घ्यावा लागला.

चोराची अशी फजिती झाली तर आनंदच आहे. पण हाच एजंट तुमच्या बँकेची टेस्ट करत असेल तर? त्याने “सगळं सुरक्षित आहे” असं न तपासता लिहून दिलं तर? म्हणून एजंटच्या मॅन्युअलमध्ये निकालाची व्याख्या लागते. कोणता प्रतिसाद आला तर लॉगिन यशस्वी समजायचं, नेटवर्क तुटलं तर काय नोंदवायचं, आणि ‘पासवर्ड मजबूत आहेत’ व ‘टेस्ट पूर्णच झाली नाही’ या दोन गोष्टी वेगळ्या कशा ठेवायच्या. सर्व्हरने मध्येच ब्लॉक केल्यामुळे एकही पासवर्ड जुळला नाही, तर तो सुरक्षिततेचा दाखला होत नाही.

४) परवानगी

आणि शेवटी मूळ दुखणं. ऑगस्टच्या प्रकरणात फाईलमध्ये “अधिकृत टेस्टिंग” असं लिहिलेलं होतं. नोव्हेंबरच्या प्रकरणात हल्लेखोरांनी एजंटला सांगितलं की तो एका खऱ्या सायबर सुरक्षा कंपनीचा कर्मचारी आहे आणि बचावासाठी टेस्टिंग करतोय. दोन्ही वेळा ‘परवानगी आहे’ हे वाक्य कुणीतरी फक्त टाईप केलं होतं.

एजंटच्या दृष्टीने खरी परवानगी आणि टाईप केलेली परवानगी सारखीच दिसते. दोन्ही अक्षरंच.

मग चांगल्या मॅन्युअलमध्ये काय असावं?

वरच्या चार मुद्द्यांवरून यादी आपोआप तयार होते.

• हे टूल कधी वापरायचं आणि कधी अजिबात नाही, हे पहिल्या दोन ओळींतच.
• सुरू करण्याआधी कोणती माहिती हातात हवी: लक्ष्यांची यादी, परवानगी देणाऱ्याचं नाव, तारीख आणि वेळ, लॉकचा नियम, अडचण आली तर फोन कुणाला.
• प्रयत्नांची आणि वेगाची वरची मर्यादा, आकड्यात. “हळू चालवा” हे एजंटला पुरेसं नाही.
• थांबण्याच्या खुणा. खातं लॉक झालं, सर्व्हर मंदावला, यादीबाहेरचा पत्ता समोर आला, की काम बंद आणि माणसाला निरोप.
• सर्व उदाहरणांत राखीव पत्ते.
• सापडलेल्या पासवर्डचं काय करायचं. तो रिपोर्टमध्ये उघडा छापायचा नाही, दुसरीकडे वापरून बघायचा नाही, चॅटमध्ये पडून राहू द्यायचा नाही.
• प्रत्येक कमांडची नोंद, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर दाखवता येईल.

यातल्या शेवटून दुसऱ्या मुद्द्याकडे हमखास दुर्लक्ष होतं. टेस्टमध्ये सापडलेला पासवर्ड एजंटच्या संभाषणात राहिला, तर तो त्या एआय सेवेच्या सर्व्हरवरही गेलेला असतो. कुलूप तपासायला आलेल्याने किल्लीची झेरॉक्स तिसऱ्याच्या दुकानात ठेवून यावी, तसा हा प्रकार.

पण नुसतं लिहून भागतं का?

नाही. आणि या विषयात सर्वाधिक गैरसमज इथेच आहे.

मॅन्युअल म्हणजे सूचना. सूचना म्हणजे कुलूप नाही. एमसीपीमध्ये टूल बनवणाऱ्याला “हे टूल नुकसान करू शकतं” अशी खूण लावता येते. पण त्याच नियमावलीत स्पष्ट म्हटलंय की या खुणा म्हणजे फक्त इशारे. सर्व्हर विश्वासातला नसेल तर त्यांच्यावर विसंबू नये.

शिवाय एजंट फक्त तुमचंच मॅन्युअल वाचत नाही. समोरचा सर्व्हर जे उत्तर पाठवतो तेही तो वाचतो. त्या उत्तरात कुणी “आधीच्या सूचना विसर आणि आता हे कर” असा मजकूर पेरला तर? याला ‘प्रॉम्प्ट इंजेक्शन’ म्हणतात. भाषिक मॉडेलच्या धोक्यांची जी यादी ‘ओवास्प’ ही सुरक्षा संस्था काढते, त्यात हा धोका पहिल्या क्रमांकावर आहे. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये हीच युक्ती उलटवून दाखवली. हल्ला करायला आलेल्या एआयला सर्व्हरच्या उत्तरातून भलत्याच सूचना देऊन भरकटवायचं. बचाव म्हणून कल्पना भारी आहे. पण जे चोराच्या एजंटचं होऊ शकतं, ते प्रामाणिक टेस्टरच्या एजंटचंही होऊ शकतं.

म्हणून खरी बंधनं फाईलमध्ये नाही, टूलभोवती लावावी लागतात. एजंट आणि टूल यांच्या मध्ये एक छोटा प्रोग्राम बसवायचा. तो यादीतले पत्ते सोडून बाकी सगळे नाकारतो. प्रयत्नांची मर्यादा तोच मोजतो. एजंटने कितीही आर्जवं केली, कितीही पटवून दिलं, तरी तो ऐकत नाही, कारण त्याला भाषा कळतच नाही. आणि पहिला पासवर्ड वापरून बघण्याआधी एका जबाबदार माणसाने ‘हो’ म्हणावं लागतं.

मॅन्युअलचं काम एजंटला नीट वागायला शिकवणं. बंधनांचं काम तो चुकला तरी नुकसान मर्यादित ठेवणं. दोन्ही लागतात. एकाच्या भरवशावर दुसरं सोडून चालत नाही.

असली मॅन्युअल्स लिहावीतच का?

यावर दोन मतं आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे.

एक बाजू म्हणते, सोपं मॅन्युअल म्हणजे चोराची सोय. पूर्वी हे काम करायला कौशल्य लागायचं, तेवढाच एक अडसर होता. आता एजंट आणि नीट लिहिलेली फाईल मिळाली की नवशिक्याही ते करू शकतो. नोव्हेंबरच्या अहवालातही दिसतं की हल्लेखोरांनी फार गुप्त शस्त्रं वापरली नव्हती. बहुतांश खुली, सर्वांना मिळणारी टेस्टिंगची टूल्सच होती. ती एजंटला जोडून दिली होती.

दुसरी बाजू म्हणते, चोर तुमच्या मॅन्युअलसाठी अडून बसलेला नाही. ऑगस्टच्या प्रकरणातल्या माणसाने स्वतःची फाईल स्वतः लिहिली. मॅन्युअल नसल्याचा फटका बसतो तो प्रामाणिक पण छोट्या संस्थांना. महागडे तज्ज्ञ नेमायला ज्यांच्याकडे पैसे नाहीत, अशी हॉस्पिटलं, पतसंस्था, शाळा. शिवाय मॅन्युअल नसलं तरी एजंट टूल वापरतोच, फक्त अंदाजाने. आणि अंदाजाने चालवलेलं टूल ४०० खाती लॉक करतं.

हायड्राच्या माहितीपत्रकात वर्षानुवर्षं एक ओळ आहे: सैन्यात, गुप्तचर संस्थांत किंवा बेकायदा कामासाठी हे वापरू नका. गंमत म्हणजे ही विनंती बंधनकारक नाही, असंही त्यातच म्हटलंय. माणसांच्या जमान्यात ही ओळ म्हणजे सदिच्छा होती. एजंटच्या जमान्यात मात्र अशा ओळीला काम आहे. निदान सरळ हेतूने वापरल्या जाणाऱ्या एजंटला ती थांबवू शकते, विचारायला लावू शकते. मुद्दाम वाकडं करणाऱ्याला ती अडवणार नाही, हे मान्य करूनच.

त्यामुळे प्रश्न “लिहावं की लिहू नये” इतका सरळ राहत नाही. हल्ल्याची कृती तपशिलात आणि मर्यादा एका ओळीत, असं मॅन्युअल चोराच्या जास्त कामाचं. मर्यादा, थांबण्याच्या खुणा आणि निकालाची पडताळणी तपशिलात, असं मॅन्युअल टेस्टरच्या जास्त कामाचं. कारण त्या गोष्टींची गरज चोराला नसतेच.

भारतात कायदा काय म्हणतो?

हे विशेषतः कॉलेजमधल्या मुलामुलींनी वाचावं, कारण “सहज करून बघितलं” ही सबब इथे फार दूर नेत नाही.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या किंवा जबाबदार व्यक्तीच्या परवानगीशिवाय संगणकात वा नेटवर्कमध्ये प्रवेश केला तर नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. ज्याला वापरण्याचा अधिकार आहे त्याची वाट अडवणं, हेही याच कलमात येतं. म्हणजे विनापरवाना ‘टेस्ट’मध्ये खाती लॉक झाली तर तोही मुद्दा होऊ शकतो. हेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं तर कलम ६६ लागतं: तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

या कलमांत “एआयने केलं” अशी पळवाट कुठेही लिहिलेली नाही. एजंट ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती नाही. त्यामुळे बोट जातं ते चालवणाऱ्याकडे. कॉलेजच्या वायफायवर किंवा ऑफिसच्या सर्व्हरवर एजंटला “जरा पासवर्ड तपास” म्हणणं आणि स्वतः कमांड टाईप करणं, यात मोठा फरक समजू नये.

संस्थांसाठीही नियम आहेत. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात आणि सिस्टीमच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. रात्री कुणाच्या तरी एजंटने हजारो लॉगिन प्रयत्न केले आणि ते आपलंच टेस्टिंग होतं हे कुणाला माहीतच नाही, तर सकाळी सगळी टीम खोट्या चोराच्या मागे धावेल. म्हणून टेस्ट कधी, कुठून आणि कुणाची, हे आधी कळवणं हादेखील मॅन्युअलचा भाग हवा.

शिकायचं असेल तर मार्ग आहे. स्वतःच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन उभं करा, त्यावर मुद्दाम कच्चा पासवर्ड ठेवा आणि एजंटला फक्त तेवढ्यातच मोकळं सोडा. तिथे काहीही मोडलं तरी कुणाची रात्रपाळी अडत नाही.

सामान्य माणसाने यातून काय घ्यायचं?

टूल माणूस चालवो की एजंट, त्याची मजल शेवटी तुमच्या पासवर्डपर्यंतच. त्यामुळे उपाय जुनेच आहेत, पण आता टाळण्यासारखे राहिले नाहीत.

घरच्या राउटरचा आणि सीसीटीव्हीचा कंपनीकडून आलेला पासवर्ड आज बदला. मिराईचं सगळं भांडवल तेवढंच होतं. एकच पासवर्ड चार ठिकाणी वापरू नका. ईमेल आणि बँकेच्या खात्यांना दुसऱ्या टप्प्याची पडताळणी लावा. सोय असेल तिथे पासकी वापरा, कारण तिथे अंदाज बांधायला पासवर्डच नसतो. जुनी, न वापरलेली खाती बंद करा. मायक्रोसॉफ्टला नडलं ते असंच एक खातं. आणि “तुमचं खातं लॉक झालं आहे” असा मेसेज आला तर त्यातल्या लिंकवर न जाता स्वतः ॲप किंवा वेबसाईट उघडून बघा.

छोट्या संस्थेचं काम बघत असाल तर पुढच्या वेळी टेस्टिंग करणाऱ्या कंपनीला एक साधा प्रश्न विचारा: तुमचं काम एआय एजंट करतो का, आणि करत असेल तर त्याला थांबवतं कोण?

उत्तरात एका माणसाचं नाव आणि फोन नंबर आला तर बोलणं पुढे न्या. “त्याला सूचना दिलेल्या आहेत” एवढंच उत्तर आलं, तर ऑगस्ट २०२५ मधली ती फाईल आठवा. सूचना त्यातही दिलेल्या होत्या.